गावाने घेतलेली कट्टी

मुलांनो, तुमच्यापैकी कट्टी कोणी कोणी घेतलीय? खरं सांगा हं! बाकावर कोपर लागलं, कंपासपेटीतला खोडरबर न विचारता घेतला, बाद झाल्यावरही कुणी रडीचा डाव खेळला, की लगेच ‘कट्टी फू’! ही कट्टी फार तर मधल्या सुट्टीपर्यंत टिकते. समोरच्याच्या डब्यात आवडीचं लोणचं दिसलं की बट्टी झालीच म्हणून समजा.

आता जरा वेगळी कल्पना करा. एके दिवशी सकाळी तुम्ही उठता आणि सगळ्या गावानेच तुमच्या घराशी कट्टी घेतलेली असते. आई हंडा घेऊन पाणवठ्यावर जाते, तर बाकीच्या बायका आपापले हंडे उचलून बाजूला होतात. बाबा दुकानात काडेपेटी मागतात आणि दुकानदार दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत राहतो. गिरणीवाला सांगतो, ‘आज लाइट नाही,’ आणि आत पट्टा तर गरगर फिरत असतो! आजी आजारी आहे, पण वाडीतलं कुणी विचारपूस करायला येत नाही. शिमग्याला देवाची पालखी घरोघरी जाते आणि तुमच्या दारावरून मात्र तशीच पुढे निघून जाते. आणि तुम्ही? कालपर्यंत ज्यांच्याबरोबर विटीदांडू खेळत होता, ती मुलं तुम्हाला बघून घरात पळतात. कारण त्यांना घरून सांगितलेलं असतं, ‘त्यांच्याशी बोललास तर आपल्याला दंड पडेल!’

याला म्हणतात वाळीत टाकणं. ही गोष्ट फार जुन्या काळातली नाही बरं का. रायगड जिल्ह्यातून, श्रीवर्धनच्या समुद्रकाठापासून पोलादपूरच्या डोंगरापर्यंत, अगदी अलीकडे अशा तक्रारी आल्या आहेत. पोलादपूर तालुक्यातल्या एका गिर्यारोहकाच्या घरालाही आपल्याला वाळीत टाकलं म्हणून तक्रार करावी लागली, अशी बातमी २०१५ साली वर्तमानपत्रांत छापून आली होती. हा गिर्यारोहक एव्हरेस्टवर जाऊन आलेला होता!

गुन्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? तोंडाला फडकं बांधलेला चोर, फोडलेलं कुलूप, मारामारी. या गुन्ह्यात तसलं काहीच नसतं. कोणी कोणाला बोटसुद्धा लावलेलं नसतं. पोलीस पंचनामा करायला आले तर काय लिहून घेणार? ‘दुकानदाराने काडेपेटी दिली नाही’? म्हणून तर या गुन्ह्याला पकडायला फार वर्षं लागली. ते कसं पकडलं, कोणी पकडलं, याची ही हकिगत. ती सुरू होते महाडच्या एका तळ्याकाठी. पण तिथे जाण्याआधी या डोंगरातलं गाव कसं असतं ते बघू या.

एकट्या घराचं चालत नाही

महाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, रायगड किल्ल्याच्या पायथ्याच्या मुलखातलं. शेजारून सावित्री वाहते. ती महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडकडे येते. पोलादपूर तर जवळजवळ घाटांनीच वेढलेलं. एक रस्ता आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडी घाट ओलांडून खेडकडे उतरतो. आजूबाजूला डोंगर, आणि डोंगराच्या कुशीत वाड्या. कुठे २० घरं, कुठे ६०. पुष्कळ घरांतली कर्ती माणसं मुंबईला नोकरीला. गावात उरतात म्हातारी माणसं, बायका आणि तुमच्यासारखी मुलं.

अशा ठिकाणी एकट्या घराचं पान हलत नाही. भाताच्या लावणीला दहा हात लागतात. घर शाकारायचं, आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं, मयताला खांदा द्यायचा, सगळ्याला माणसं लागतात. २२ जुलै २०२१ ची संध्याकाळ आठवा, म्हणजे आईबाबांना विचारा. त्या दिवशी महाड पुराच्या पाण्यात होतं आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. रस्ते पाण्याखाली असल्याने मदत पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत चिखलात हात घालून शोधणारे होते ते जवळपासचे गावकरीच.

म्हणूनच इथे गावकी असते. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून बसणारी सभा. ती कागदावर नसते, निवडणुकीने येत नाही. देवळाची डागडुजी, पाखाडीची दुरुस्ती, शिमग्याची वर्गणी, पालखीचा क्रम, सगळं तिथे ठरतं. मुंबईत त्याच गावाचं ‘मुंबई मंडळ’ असतं आणि चाकरमानी तिथे बैठका घेतात. मला विचाराल तर गावकी ही वाईट गोष्ट मुळीच नाही. सरकारचा रस्ता येण्याआधी कित्येक वाड्यांची पायवाट गावकीनेच श्रमदानाने केलेली आहे. बांधावरून भांडण झालं, तर कोर्टात दहा वर्षं घालवण्यापेक्षा सहाणेवर बसून एका संध्याकाळी ते मिटलेलं काय वाईट?

पण हीच गावकी कधी कधी कायदा हातात घेते. एखाद्याने तिला न विचारता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अर्ज भरला, एखाद्याच्या मुलाने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, कुणी जमिनीचा वाद सरळ कोर्टात नेला, कुणी ठरवलेला दंड भरला नाही, की तोंडी ठराव होतो. अमक्याचं घर वाळीत! जो त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड!

या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. सगळी मेख तिथेच आहे. समजा ६० घरांची वाडी आहे. त्यांतली पाच-सहा घरं खरोखर रागावलेली. उरलेल्यांचं काय? त्यांना त्या कुटुंबाबद्दल काहीच राग नसतो. कित्येकांना आतून वाईटही वाटत असतं. पण पहिला घराला घाबरतो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. ‘मी बोललो आणि कुणी जाऊन सांगितलं तर?’ प्रत्येकाला वाटतं, आपण सोडून बाकी सगळा गाव या ठरावाच्या बाजूने आहे. प्रत्यक्षात जवळजवळ सगळेच मनातून विरुद्ध, आणि तरी सगळे गप्प! वर्गात बाईंनी ‘समजलं का?’ विचारल्यावर कुणालाच समजलेलं नसतं आणि एकही हात वर होत नाही, तसंच काहीसं.

चवदार तळं आणि बंद झालेली दुकानं

आता तळ्याकडे जाऊ. महाडच्या मध्यावर असलेलं चवदार तळं तुम्ही पुस्तकात वाचलंय. तिथे सगळे पाणी भरत, जनावरंही पाणी पीत, फक्त अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना मनाई. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला होता, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं उघडं होतं! पण पाण्यापर्यंत जायला कोणी धजत नव्हतं.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं.) रा. बा. मोरे, अनंतराव चित्रे आणि महाडचेच सुरेंद्रनाथ टिपणीस अशी मंडळी त्यामागे राबत होती. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले.

त्यानंतर काय झालं हे मात्र पुस्तकात बहुतेक दोन ओळींत उरकतात. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई कुणीतरी उठवली. काठ्या घेऊन जमाव निघाला आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर तुटून पडला. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले दणकट गडी होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांचा एक शब्द पुरे झाला असता. पण त्यांनी तो शब्द दिला नाही. सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि गुन्ह्याची दाद कायद्याकडे मागितली. त्याच वर्षी जून महिन्यात हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्या आजच्या विषयात ही गोष्ट फार मोलाची आहे. दंगलीला दंगलीने उत्तर मिळालं असतं, तर त्या दिवसाची आठवण मारामारी म्हणूनच राहिली असती.

काठ्यांचा गुन्हा असा शाबीत झाला. पण त्याच वेळी दुसरं हत्यार बाहेर आलं होतं. आजूबाजूच्या गावांत, परिषदेला जाऊन आलेल्या कुटुंबांना कामावरून, कसायच्या जमिनीवरून काढण्यात आलं. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद ठरली, तर महाडात मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी शिधा विकायला नकार दिला, म्हणून धान्य बाहेरगावाहून आणावं लागलं. हजारो माणसांचा स्वयंपाक, आणि गावातून मूठभर मीठही मिळायचं नाही! नगरपालिकेनेही ऑगस्टमध्ये आपला जुना ठराव रद्द करून टाकला होता. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तळं सर्वांना खुलं आहे.

दुकानं बंद करणाऱ्यांना मात्र काही शिक्षा झाली नाही. होणार कशी? माल विकायचा की नाही, ही ज्याची त्याची मर्जी! मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या समितीने १९३० च्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं. बहिष्कारापुढे उघड मारहाणही फिकी पडते, आणि तो जास्त घातक अशासाठी, की वरवर पाहता त्यात बेकायदा काहीच दिसत नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. बाबासाहेबांनी पुढे गोलमेज परिषदेत आणि नंतर १९४७ साली राज्यघटनेच्या चर्चेच्या वेळीही मागणी केली, की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा.

बॉयकॉटसाहेब कोण होते?

मध्येच एक गंमत सांगतो. बहिष्काराला इंग्रजीत ‘बॉयकॉट’ म्हणतात ना, तो शब्द म्हणजे चक्क एका माणसाचं आडनाव आहे! चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी. १८८० साली पीक बुडालं तेव्हा कुळांनी खंड कमी करा म्हणून विनवलं, याने ऐकलं नाही, उलट कुळांना जमिनीवरून हुसकायला निघाला. मग सगळ्या पंचक्रोशीने त्याच्याशी व्यवहार तोडला. घरात गडी नाही, शेतात मजूर नाही, टपालवाला पत्र आणीना. पीक काढायला लांबून ५० एक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो शिपाई. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पहाऱ्यावर झाला!

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी लगेच विचारेल, ‘मग हा बहिष्कार चांगला आणि गावकीचा वाईट, असं कसं? आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात परदेशी कापडावर बहिष्कार टाकला होताच की!’ प्रश्न बरोबर आहे. कापड विकत घ्यायचं नाही असं मी ठरवणं निराळं. गरीब कुळांनी एकजुटीने जुलमी कारभाऱ्याला नकार देणं, हेही समजू शकतं, कारण तिथे ताकद त्याच्या बाजूला होती. वाडीत ६० घरं एका घरावर उलटतात तेव्हा ताकद कुणाच्या बाजूला असते? शिवाय तिथे बाकीच्यांना नकार द्यायची मोकळीक नसते. दंडाची धमकी देऊन नकार द्यायला लावलेला असतो. हा फरक मोठ्या माणसांच्याही ध्यानात येत नाही, म्हणून जरा लांबण लावली.

कायदा झाला कसा?

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ साली, मुंबई राज्याने कुणालाही जातीतून वा समाजातून बहिष्कृत करायला मनाई करणारा कायदा केला. पण तो न्यायालयात टिकला नाही. धर्मपंथातून कुणाला काढायचं हा पंथाच्या प्रमुखाचा धार्मिक अधिकार आहे, असा मुद्दा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी मांडला आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. मग अर्धशतकभर याविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. पोलिसांकडे कोणी गेलंच तर धमकी देणं, खंडणी मागणं अशी दुसऱ्याच गुन्ह्यांची कलमं लावावी लागत.

२०१३ साली नाशिकला जातपंचायतीच्या दहशतीचं एक भयंकर प्रकरण उघडकीला आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान उघडलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉक्टरांचा खून झाला. तरी अभियान थांबलं नाही. नाशिकचे कृष्णा चांदगुडे आणि गावोगावचे कार्यकर्ते ते चालवत राहिले. पंचांच्या भीतीने गप्प बसलेली माणसं हळूहळू बोलू लागली. इकडे रायगडात जातपंचायतीपेक्षा गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी जास्त होत्या. पुष्कळदा दोन्ही बाजू एकाच जातीच्या, एकाच भावकीच्या! काही प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली, वर्तमानपत्रांतून रायगडचं नाव सारखं येऊ लागलं.

शेवटी १३ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य म्हणतात.

या कायद्याने काय केलं? ‘बहिष्कार’ हा हवेतला शब्द पकडून त्याचे सोळा-एक तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला नाव दिलं. सण-समारंभात, लग्नात, अंत्यविधीत भाग घेऊ न देणं. शाळा, दवाखाना, सभागृह, स्मशान, पाणवठा वापरू न देणं. व्यवहार तोडायला लावणं. अमुकच कपडे घाला, म्हणून सक्ती करणं. अशी ती यादी आहे. आता पोलिसांना ‘काडेपेटी दिली नाही’ एवढंच लिहून थांबावं लागत नाही.

आणि या यादीत एक कलम खास तुमच्यासाठी आहे! एखाद्या घराशी भेदभाव करायचा म्हणून त्या घरातल्या मुलांबरोबर बाकीच्या मुलांना खेळू न देणं, हासुद्धा या कायद्याने गुन्हा आहे. जाडजूड कायद्याच्या पुस्तकात मुलांच्या खेळाची आठवण ठेवली गेली, हे मला फार आवडलं. तुमच्या-आमच्या कट्टीला हे कलम लागत नाही, घाबरू नका. मोठ्यांनी हुकूम काढून घ्यायला लावलेल्या कट्टीला लागतं.

गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम ज्याचं नुकसान झालं त्याला देता येते. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, असंही त्यात लिहिलंय. बहिष्कार टाकण्यासाठी बैठक भरवणंही गुन्हाच, आणि अशी बैठक होणार असं कळलं तर जिल्हाधिकारी ती आधीच थांबवू शकतात.

कायदा आला म्हणून सगळं सुरळीत झालं का? नाही हो! त्या ६० घरांची गोष्ट पुन्हा आठवा. ठराव तोंडी असतो. कागद नाही, सही नाही. न्यायालयात साक्ष द्यायला कोण येणार? तीच माणसं, जी दंडाच्या भीतीने बोलत नव्हती. म्हणून या कामात कार्यकर्ते सहसा एकदम खटल्याकडे धावत नाहीत. आधी गावात जातात. सहाणेवर, देवळात बसून पंचांशी बोलतात. कायद्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवतात. पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंना बोलावून समजावलं जातं. कित्येक पंचांना आपण गुन्हा करतोय हेच मुळी ठाऊक नसतं. ‘आमच्या वाडवडिलांपासून हे चालत आलंय,’ असं ते भाबडेपणाने सांगतात. काही ठिकाणी एवढ्यावरच बहिष्कार उठतो. काही ठिकाणी पंच हटून बसतात, मग तक्रार आणि खटला. तक्रार ज्याच्यावर बहिष्कार पडला तो करू शकतो, त्याच्या घरचं कुणीही करू शकतं.

गावातली भांडणं गावातच, पण कायद्याच्या चौकटीत मिटावीत म्हणून सरकारनेही एक मोठा प्रयोग केला होता. १५ ऑगस्ट २००७ पासून ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू झाली. आर. आर. पाटील, म्हणजे लोकांचे आबा, तेव्हा गृहमंत्री होते आणि ही त्यांची आवडती योजना. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातल्या तंट्यांची यादी करायची, बांधाचे, वाटणीचे, रस्त्याचे वाद दोघांच्या राजीखुशीने मिटवायचे. ज्या गावाचं काम चांगलं त्याला लोकसंख्येच्या मानाने बक्षीस. पहिली काही वर्षं गावागावांच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशा कमानी झळकत होत्या. पुढे तो जोर ओसरला. माझ्या मते बक्षिसापायी तंटे मिटल्याचं नुसतं कागदावर दाखवायचा मोहही काही गावांना झाला असणार. पण एक गोष्ट त्या मोहिमेने लोकांच्या ध्यानात आणून दिली. समिती समजूत घालू शकते, दंड ठोकू शकत नाही. समितीची निवड ग्रामसभेत, सगळ्यांसमोर होते आणि जे ठरतं ते लिहून ठेवलं जातं. गंभीर गुन्हा तिला मिटवता येत नाही, तो पोलिसांकडेच जायला हवा. गावकीची बैठक आणि तंटामुक्ती समितीची बैठक, दोन्हीकडे कदाचित तीच माणसं, तीच सहाण, तोच चहा! फरक असतो तो त्या वहीत आणि दंड ठोकायच्या अधिकारात.

मुलांनो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या घरावर असं संकट आलेलं दिसलं तर काय करायचं? स्वतः पंचांशी भांडायला जायचं नाही, ते तुमचं काम नव्हे. शाळेतल्या ज्या बाईंवर किंवा सरांवर तुमचा विश्वास आहे, त्यांना सांगा. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पोलिसांसाठी ११२. गावात पोलीस पाटील असतात. गावात शांतता मोडण्यासारखं काही घडत असेल तर ते पोलीस ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे.

आईबाबांसाठीही एक ओळ. तुम्ही मुंबईत-पुण्यात असाल आणि गावच्या मंडळाच्या बैठकीला जात असाल, तर पुढच्या वेळी कुणाला ‘बाजूला ठेवायचा’ विषय निघाल्यावर नुसतं खाली बघून बसू नका. ‘हा आता गुन्हा आहे,’ एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणा. तेवढ्यावर दोन-तीन माना डोलतात की नाही बघा.

एखाद्या घरावरचा बहिष्कार खरोखर उठला, हे गावातली माणसं कशावरून ओळखतात ठाऊक आहे? समझोत्याचा कागद त्यांना पुरेसा वाटत नाही. लावणीला ‘उद्या आमच्याकडे या हं’ अशी हाक येते का, बारशाचं बोलावणं येतं का, शिमग्याला पालखी त्या अंगणात टेकते का, हे बघतात. मुलं मात्र एवढी वाट बघत नाहीत. घरून ‘आता चालेल’ असं कळलं, की त्याच संध्याकाळी चेंडू घेऊन हजर!

या मे महिन्यात गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा. आपल्या गावात गावकी आहे का? तिने बांधलेली पाखाडी कुठली? कुणाला कधी वाळीत टाकलं होतं का, आणि मग पहिल्यांदा त्यांच्याशी बोललं कोण? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. विचारायला सहाणेचा कट्टा ही उत्तम जागा, ऊन उतरल्यावर.